शुभेच्छुकाचा फोटो काढा, मग बोलू

दिवाळीच्या आठवड्यात गोंदियाच्या जयस्तंभ चौकात उभं राहून जरा वर बघा. फ्लेक्सच फ्लेक्स. ‘समस्त जिल्हावासीयांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.’ मध्ये हात जोडलेला एक भला मोठा चेहरा, त्याच्या डोक्यावर त्याच्या नेत्यांचे गोल चेहरे, पायाशी कार्यकर्त्यांचे पासपोर्ट साइझ चेहरे. आणि उरलेल्या कोपऱ्यात, जागा मिळालीच तर, एक पणती. आता मान खाली घालून मोबाइल उघडा. तेच चित्र. कोपऱ्यात पणती, मध्ये चेहरा, खाली ‘शुभेच्छुक’, त्याखाली नाव आणि नंबर. फरक इतकाच, की हा चेहरा नेत्याचा नाही. तुमच्या वर्गातल्या मित्राचा आहे, चुलतभावाचा आहे, कोचिंग क्लासच्या सरांचा आहे.

यांच्यापैकी बहुतेकांनी काही बनवलेलं नसतं. मोबाइलमध्ये एक अ‍ॅप असतं. त्यात एकदा आपला फोटो आणि नाव भरलं की झालं. दसरा आला की अ‍ॅप दसऱ्याचा बॅनर देतं, दिवाळीला दिवाळीचा, संक्रांतीला पतंगाचा, कुणाची जयंती असेल तर त्या महापुरुषाचा. चेहरा तोच, मागचा पडदा बदलतो. आणि या प्रकाराला नाव काय, तर ‘पर्सनलाइझ्ड ग्रीटिंग’.

माझं भांडण या शब्दाशी आहे.

कार्ड पाठवणारा एक असतो आणि ते मिळणारा दुसरा. कार्ड ‘पर्सनल’ व्हायचं तर त्यातल्या कुठल्या पर्सनचं? माझ्या मते उत्तर सरळ आहे. ज्याला पाठवायचं त्याचं. पाठवणाऱ्याचं नाव म्हणजे फक्त सही. सही कितीही मोठी केली, तिच्यावर फोटो लावला, सोनेरी चौकट घातली, तरी ती सहीच राहते. सहीला पत्र म्हणायची पद्धत आपल्याकडे कधीपासून आली?

एक सोपी परीक्षा सांगते. तुम्हाला आलेलं कुठलंही शुभेच्छांचं चित्र घ्या आणि पाठवणाऱ्याचं नाव अंगठ्यानं झाका. आता सांगा, हे कुणासाठी आहे? ‘तुम्हाला व तुमच्या परिवारास.’ कुठल्या परिवारास? ते चित्र जसंच्या तसं दुसऱ्या कुणालाही पाठवता येत असेल, तर ते कार्ड नाही. ते पत्रक आहे. पत्रकं वाटायला हरकत नाही, निवडणुकीत वाटतातच. पण माझ्या हातात पत्रक देऊन ‘हे खास तुझ्यासाठी’ असं म्हणू नका.

‘वेळ नाही’ हे कारण फार जुनं आहे

मी कार्डं बनवते. दिवाळीला दहा-बारा, संक्रांतीला चार-पाच. कागदावर बनवते, मोबाइलवरही बनवते. त्यामुळे ‘जुनं ते सोनं’ असलं रडगाणं मी गाणार नाही. जुन्यातही पितळ भरपूर होतं.

पहिलं छापील ख्रिसमस कार्ड निघालं १८४३ साली, लंडनमध्ये. हेन्री कोल नावाच्या गृहस्थांना सणाच्या दिवसांत इतकी पत्रं यायची, की उत्तरं लिहायला सवड होईना. त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या. उरलेल्या विकायला काढल्या, एक शिलिंगला एक. वर ‘प्रति’, खाली ‘कडून’, दोन्हीपुढे मोकळी जागा. म्हणजे ज्याला आपण टेम्पलेट म्हणतो ते मोबाइलनं आणलेलं नाही. भेटकार्डाचा जन्मच मुळी टेम्पलेट म्हणून झाला, आणि तोही ‘वेळ नाही’ याच सबबीवर.

माझ्याशी वाद घालणारे हाच मुद्दा काढतात. दुकानातलं छापील कार्ड तरी कुठं वैयक्तिक होतं? तेच फूल, तोच इंग्रजी मजकूर, लाखोंना तोच. मग फॉरवर्डवर एवढा राग का?

मुद्दा चांगला आहे, म्हणून नीट उत्तर देते. आर्चीज १९७९ साली सुरू झालं आणि पुढं दोन-तीन दशकं अशा कार्डांनी जनरल स्टोअर्सच्या काचा भरल्या. मराठी घरांत तर त्याआधीपासून संक्रांतीची छोटी भेटकार्डं होती. त्यात हलव्याचे चार दाणे घालून पाकीट पोस्टात टाकायचे. शुभेच्छापत्राचं पाकीट चिकटवायचं नाही, झाकण नुसतं आत खोचायचं आणि वर ‘बुक-पोस्ट’ लिहायचं, म्हणजे तिकीट कमी लागायचं, हे घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांना पाठ असेल. छापील मजकूर सगळ्यांना तोच, हे कबूल. पण ते कार्ड पाठवायला तुम्हाला तीन गोष्टी कराव्याच लागत. दुकानात उभं राहून ‘हे आत्याला, हे नको, हे तिला आवडणार नाही’ असं ठरवावं लागे. तिचं नाव हातानं लिहावं लागे. तिचा पत्ता माहीत असावा लागे. म्हणजे निदान तीन वेळा तुम्ही त्या एका माणसाचा विचार करत होता. छापखान्यानं मजकूर दिला, पण निवड तुमचीच होती.

फॉरवर्डनं वेळ वाचवला, हे खरं. पण वाचवला तो नेमका हाच वेळ. ‘सगळे निवडा’ आणि ‘पाठवा’. त्या यादीत आत्या होती, गॅस एजन्सीवाला होता, तीन वर्षांपूर्वी सोडलेल्या क्लासचा ग्रुप होता. आत्याला वेगळं काय मिळालं?

आपली दिवाळी त्या चित्रात नाहीच

आता त्या चित्रात काय असतं ते बघू. जांभळी पार्श्वभूमी, सोनेरी ठिपके, झेंडूचं तोरण, फ्लॅटचं पॉलिश केलेलं दार, दारात रांगोळी. सुंदर आहे. ही दिवाळी कुठली आहे, एवढंच सांगा.

गोंदिया जिल्ह्यातली दिवाळी धानाला धरून येते. हलकं धान तेव्हा कापणीला आलेलं असतं. बांधीत कडपा पडलेल्या असतात, कुठं पुंजणे रचलेले असतात आणि घरातला प्रत्येक मोठा माणूस आभाळाकडं बघत असतो, कारण एक अवकाळी पाऊस आला तर कडपा भिजतात आणि वर्ष जातं. धान खरेदी केंद्र कधी सुरू होणार, चुकारे कधी मिळणार, बोनस जाहीर होणार की नाही, ही आमच्याकडच्या दिवाळीची गप्पा. पाडव्याला गाई सजतात, गोवारी समाजाची ढाल निघते. आणि भाऊबीजेपासून मंडई सुरू होते. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा बाजार, रात्री दंडार नाहीतर नाटक. घरोघरी पाव्हणे, जेवणावळी, आणि कोपऱ्यात हळू आवाजात सोयरिकीच्या गोष्टी.

मंडईचं कार्ड तुम्ही कधी पाहिलंय? मी डिझाइनच्या अ‍ॅपमध्ये ‘मंडई’ शोधलं तर भाजीबाजाराची चित्रं आली. अ‍ॅपचा त्यात दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नाही. वर्षातला सगळ्यात मोठा पाहुणचार जिथं होतो, त्या सणाला आपल्याकडे चित्र नाही, अक्षर नाही, आमंत्रण नाही. आणि आपण मात्र दुसऱ्याच्या दारातली रांगोळी एकमेकांना पाठवत बसलोय.

इथं काही जण टाळ्या वाजवतील आणि म्हणतील, ‘बरोबर, पणती काढून सारस टाका!’ थांबा. महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः आपल्या जिल्ह्यातल्या तलावांकाठी आणि धानाच्या बांध्यांमध्ये, त्याचा अभिमान मलाही आहे. पण सारस आता भिंतींवर आहे, कार्यक्रमांच्या बॅनरवर आहे, स्मृतिचिन्हांवर आहे. पणतीच्या जागी सारस, फ्लॅटच्या दाराच्या जागी नवेगावबांधचा तलाव, आणि ते चित्र पुन्हा तीनशे जणांना. यानं काय झालं? टेम्पलेट स्थानिक झालं. टेम्पलेटच राहिलं. ‘आपल्या मातीतलं’ म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं असंच असतं. त्यात माती असते, माणूस नसतो.

एखाद्याच्या कार्डावर सारस यायचा असेल तर त्याच्या बांधीत सारसाची जोडी उतरते म्हणून यावा. नाहीतर नको.

मग कार्डावर काय असतं

उदाहरणं देते, म्हणजे मी हवेत बोलत नाही हे कळेल.

आमच्या ओळखीचे एक आजोबा रेल्वेत होते. गोंदियाहून जबलपूरकडं जाणारी लाइन नॅरोगेज होती, तेव्हा त्यांनी तिच्यावर काम केलं. आता ती ब्रॉडगेज झाली. त्यांना मी गेल्या दिवाळीत पुठ्ठ्याचं तिकीट करून दिलं. पूर्वी खिडकीवर मिळायचं तसं, दोन बोटांत मावणारं, जाड, पिवळट. त्यावर लिहिलं: ‘दिवाळी ते दिवाळी. परतीचं नाही.’ अक्षरांसाठी ‘यात्रा वन’ नावाचा फुकट मिळणारा देवनागरी फॉन्ट वापरला, तो रेल्वेच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरूनच बनवलेला आहे. खर्च शून्य, पुठ्ठा बिस्किटाच्या खोक्याचा. ते तिकीट त्यांच्या चष्म्याच्या घरात असतं. हे कार्ड मी दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही. दिलं तर त्याला कळणारच नाही.

माझी एक मावशी आमगाव तालुक्यात राहते. तिला वाचता येत नाही. दरवर्षी तिच्या मुलाच्या मोबाइलवर ढीगभर सुविचार येतात, तो ते वरवर सरकवतो, ती बघत राहते. तिच्या कार्डावर एकही अक्षर नाही. तिच्या अंगणातलं सीताफळाचं झाड, तिच्या दोन शेळ्या, त्यातल्या एकीचा तुटका कान आणि झाडाखाली टाकलेली एक रिकामी खाट. खाट रिकामी, कारण मी यायची आहे. तिला कुणी वाचून दाखवावं लागलं नाही.

हैदराबादला नोकरी करणाऱ्या एका मैत्रिणीला मंडईचं आमंत्रण केलं, ते मोबाइलवरच. स्टेशनपासून तिच्या गावापर्यंतचा नकाशा. कुठं बस बदलायची, कुठल्या टपरीवर थांबायचं, कुठल्या बोडीजवळ तिची सायकल चिखलात रुतली होती. कागद नाही, तिकीट नाही, पोस्ट नाही. तरी ते कार्डच आहे, कारण त्याचा धनी एकच आहे.

माझा नियम तेवढाच आहे. एका कार्डाचा एकच धनी. कागद की स्क्रीन, हा वाद मला बिनमहत्त्वाचा वाटतो.

भाषेलाही हाच नियम. आमच्या आजीच्या झाडीबोलीत ण नाही. ती ‘पानी’ म्हणते, ‘कोनी’ म्हणते. तिच्या कार्डावर मी तसंच लिहिते. एका शहाण्या नातेवाइकानं ते पाहून ‘शुद्धलेखन बघ जरा’ असं सुनावलं. शुद्ध कुणाच्या कानाला? हे कार्ड परीक्षकांकडं जाणार नाही, आजीकडं जाणार आहे. आपल्या जिल्ह्यात घराघरांत झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी बोलतात, आणि शुभेच्छा मात्र सगळ्या ‘हार्दिक’ असतात. तुमच्या घरात शेवटचं कुणी कुणाला ‘हार्दिक’ म्हणालं ते आठवून बघा.

‘एआयला सांग ना, करून देईल’

देईल. मी करून पाहिलंय. ‘मराठी आजी, दिवाळी’ एवढं लिहिलं की पैठणी नेसलेली, नथ घातलेली, गोरीपान आजी येते. हातात पणती, मागे वाडा. कुणाची आजी आहे ही? माझ्या आजीनं आयुष्यात पैठणी नेसलेली नाही. तिच्या हातावर तेंदूपानं कापून कापून पडलेले घट्टे आहेत, तिनं वर्षानुवर्षं विड्या वळल्या. वरची अक्षरंही बघून घ्या, चित्र काढणाऱ्या यंत्रांचे जोडाक्षरांवर अजून हात कापतात.

कुणी म्हणेल, मग नीट वर्णन कर. घट्टे सांग, विड्यांचं सूप सांग, लुगड्याचा रंग सांग, ती कुठं बसायची ते सांग. अगदी बरोबर. पण एवढं सगळं सांगता आलं, की अवघड काम तुमचं तुम्हीच केलेलं असतं. त्यानंतर चित्र यंत्रानं काढलं काय आणि तुम्ही वाकड्यातिकड्या रेघांनी काढलं काय, मला तक्रार नाही. माझी तक्रार ‘मराठी आजी’ एवढ्यावर थांबणाऱ्याशी आहे. त्याच्याकडं यंत्र आहे. आजीबद्दल सांगायला मात्र काही नाही.

‘छान आहे, ऑर्डर घे ना’

हा सल्ला मला दर दिवाळीत मिळतो. इन्स्टावर पेज काढ, रेट टाक, डीएमवर ऑर्डर घे. तोच सल्ला नाकारला की दुसरा सूर लागतो: मग कशाला करतेस, मुलींचे हे उद्योग लग्नापर्यंतच.

दोन्ही सुरांत एकच समज आहे. हातानं केलेल्या कामाला पैसे मिळाले तर ते काम, नाहीतर टाइमपास. आज कुणी संध्याकाळी मैदानावर क्रिकेट खेळायला गेला तर त्याला कुणी ‘तिकीट लाव’ म्हणत नाही. कार्डं करणाऱ्या मुलीला मात्र रेटकार्ड मागतात.

पैसे मिळवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. फ्लेक्स आल्यावर गावोगावच्या पेंटरांचा ब्रश सुटला, ज्यांच्या हातात अजून अक्षर आहे त्यांनी ते विकून सुखानं कमवावं. पण माझं कार्ड मी विकू शकत नाही, यामागं त्याग वगैरे काही नाही, साधी अडचण आहे. तुम्ही ऑर्डर दिलीत तर ज्याला कार्ड द्यायचं त्याला मी ओळखत नसेन. मग मी काय विचारणार? नाव सांगा, फोटो पाठवा, आवडता रंग सांगा. झालं, पुन्हा तेच अ‍ॅप, फक्त माझ्या हाताचं. तुमच्या वडिलांच्या कार्डात काय असावं हे मला कसं कळेल? ते तुम्हाला कळायला हवं. म्हणून हा छंद विकत घेता येत नाही, स्वतःच करावा लागतो.

आणि चित्रकला येत नाही ही सबब चालणार नाही. मलाही येत नाही. तुटका कान काढता आला की शेळी ओळखू येते.

पैशांची सबबही चालणार नाही. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचं तिकीट लागतं. पोस्टकार्ड आपल्याकडे १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याला सुरू झालं आणि आजही ते पन्नास पैशांना आहे. त्याच्या कोऱ्या बाजूवर एक धानाची लोंबी काढायला किती शाई लागते? खरी लोंबी चिकटवायची असेल तर पाकीट वापरा, आणि ती आधी चांगली वाळवा, नाहीतर कार्डापेक्षा आधी कीड पोचते.

हिशेब शेवटी कशाचा आहे

या सगळ्यावर एक आक्षेप उरतो, आणि तोच सगळ्यात प्रामाणिक आहे. ‘मी इतक्या लोकांसाठी हे करू शकत नाही.’

नका करू. कुणीच करू शकत नाही. कार्ड बनवायला बसलं की पहिल्या अर्ध्या तासात हेच उघडं पडतं. फोनमध्ये चारशे नंबर असतात आणि ज्यांच्याबद्दल चार गोष्टी नेमक्या माहीत आहेत अशी माणसं निघतात सात. त्या सातांत सख्खा काका नसतो. काकाला काय आवडतं? त्याच्या गुडघ्याचं काय झालं? धानाचे चुकारे मिळाले का त्याला? तो अजून बासरी वाजवतो का? माहीत नाही. ‘हार्दिक शुभेच्छा’ नेमकी हीच पोकळी झाकते. तिच्यावर सोनेरी ठिपके मारते आणि खाली आपलाच फोटो चिकटवते.

मला त्या फ्लेक्सचा राग येतो तो यासाठी. नेत्याला समोरच्या गर्दीतला एकही माणूस माहीत असण्याची गरज नसते, त्याला फक्त स्वतःचा चेहरा माहीत करून द्यायचा असतो. त्याचा तो धंदा आहे. तोच साचा आपण आपल्या घरात आणला, आणि आता आपण आपल्याच मावशीसमोर उमेदवार म्हणून उभे आहोत.

या दिवाळीला एक करा. एकच कार्ड, एकाच माणसासाठी. ज्याच्याबद्दल तुम्हाला काहीच माहीत नाही असा जवळचा माणूस निवडा. कार्डावर काय काढायचं ते सुचणार नाही. मग त्याला फोन लावा आणि विचारत बसा. तासभर बोलणं झालं आणि कार्ड राहूनच गेलं, तरी माझी काही हरकत नाही.